टर्बो, साडेतीन हजार सीसी आणि दोन थापा

तुम्ही चहा घ्या, मी माझी अब्रू काढते. नाहीतरी आमच्या राहात्यात ती आता कोणाला नवी राहिलेली नाही. पण दुसऱ्या कोणी मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी. मीठमसाला मी पण लावणारच म्हणा!

तर आमची पेरूची बाग आहे. आणि पेरू बाजारात न्यायला एक पिकअप आहे. ती मी चालवते. हो, मीच! ह्यांनी क्लच दाबला की ह्यांची कंबर धरते आणि कंबर धरली की हे घर डोक्यावर घेतात. त्यापेक्षा म्हटलं, मीच शिकते.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं कळणार नाही. क्रेट भरताना मागे उभा असलेला माणूस गाडीच्या पत्र्यावर थाप मारतो. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे चल. बस! मला इतकी सवय झालीये की दोन थापा ऐकल्या की पाय आपोआप क्लचवरून उठतो. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारतात ना, तसा. मधे डोक्याचा काही संबंधच येत नाही. येत असता तर हा किस्सा झाला नसता.

आमच्या पिकअपच्या फाळक्यावर, म्हणजे मागच्या पत्र्याच्या झडपेवर, मोठ्या लाल अक्षरात लिहिलंय, ‘टर्बो’. मी कितीतरी दिवस तो शब्द पुसत होते, ओल्या फडक्याने, पण तो म्हणजे काय ते माहीत नव्हतं. एकदा ह्यांना विचारलं.

“अहो, टर्बो म्हणजे काय?”

“म्हणजे गाडी महाग.”

झालं! आमच्याकडे ज्ञान असं मिळतं.

मग मोबाईलवर बघितलं. आणि काय सांगू, मला वेडच लागलं! अहो, इंजिनातून जो धूर बाहेर जातो ना, वाया, त्याच धुराने एक पंखा फिरवायचा. तो पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त, जाळ जास्त, जोर जास्त! म्हणजे फुंकणीच की हो! माझी आई चुलीत फुंकणी मारायची आणि चार काटक्यांवर अख्ख्या घराचं पिठलं शिजायचं. तेच हे! फक्त फुंकणी चुलीनेच स्वतःला मारून घ्यायची.

मग मी पुढचे व्हिडिओ बघत सुटले. कुठल्या तरी देशात एक पिकअप आणि एक मोठ्या इंजिनाची आलिशान गाडी शेजारी शेजारी उभी करतात आणि पळवतात. भाषा कळत नव्हती, धुरळा कळत होता. कधी ही पुढे, कधी ती पुढे. आणि माझ्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला: मोठी चूल भारी, की फुंकणी मारलेली लहान चूल?

“अगं, भाजी करपली!” हे आतून ओरडायचे.

करपू दे! तुम्ही सांगा, असा प्रश्न पडल्यावर बाईने भाजीकडे बघायचं का?

तेवढ्यात पुतण्याचं लग्न आलं. प्रशांतचं, माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या मुलाचं. नवरी देवळाली प्रवराची, ऋतुजा. आणि लग्नाला पुण्याहून आले आमच्या नणंदेचे यजमान, म्हणजे आमचे दाजी. नवी गाडी घेऊन!

काय गाडी हो! काळी कुळकुळीत. दार उघडलं की आत दिवे लागायचे, दार लावलं की आवाजच नाही, नुसता एक श्वास. सीटा सायीच्या रंगाच्या. अशा की बसायच्या आधी आंघोळ करावी वाटावी. अख्खं वऱ्हाड गाडीभोवती. मी मात्र सरळ जाऊन विचारलं, “दाजी, इंजिन केवढं?”

दाजी खूश! इतक्या लोकांनी फोटो काढले, पण हे कोणी विचारलं नव्हतं.

“साडेतीन हजार सीसी, वहिनी. सहा सिलिंडर. पेट्रोल.”

“आणि टर्बो?”

“टर्बो कशाला? इंजिनच मोठं आहे!”

“आमची अडीच हजार. पण टर्बो आहे. म्हणजे बघा, तुमची मोठी चूल आणि आमची फुंकणी. चढाला, माल भरलेला असताना, कोण पुढे जाईल?”

दाजींनी माझ्याकडे बघितलं, मग आमच्या पिकअपकडे. तिच्या टपावर कोंबडी बसली होती.

“वहिनी,” ते म्हणाले, “गोऱ्ह्याला कितीही फुंका, त्याचा बैल होत नाही.”

सगळे हसले. ह्यांनी पण हसून घेतलं! आता मला सांगा, एवढं झाल्यावर कोण गप्प बसेल? पण मी बसले. वरमाईची जाऊ मी, मला कामं होती.

लग्नाच्या दिवशी सकाळी प्रशांतला हळद लागली. मग उष्टी हळद नवरीकडे न्यायची. नवरदेवाची उरलेली हळद नवरीला लागते, तुम्हाला माहितीच आहे. ती लागल्याशिवाय नवरीची आंघोळ नाही, आंघोळ नाही तर शालू नाही, शालू नाही तर लग्न नाही. आणि मुहूर्त दुपारचा! जाऊबाईंनी मला बाजूला घेतलं.

“वैशाली, हळद वेळेत पोचव बाई. त्यांच्याकडच्या बायका लई बोलक्या हायत. नवरदेवाकडून हळदीला उशीर झाला, हे मला नातवंडाच्या बारशापर्यंत ऐकवतील.”

“ताई, काळजीच करू नका!”

मी म्हटलं, हळद न्यायला दाजींची गाडी चांगली. ए.सी. मधे हळद सुकणार नाही. नणंदबाई, मंगलताई, ताट घेऊन गाडीकडे निघाल्या, तर दाजी आडवे आले. दोन्ही हात पसरून!

“मंगल! हळद? माझ्या सीटांवर?”

“अहो, ताट आहे माझ्या हातात.”

“रस्ता कुठलाय? नगर-मनमाड! पहिल्याच खड्ड्यात ताट माझ्या छतावर असेल! हळद पिकअपमधून जाऊ दे. ती गाडी त्यासाठीच आहे.”

त्यासाठीच आहे! ऐकलंत ना?

“ठीक आहे दाजी,” मी म्हटलं, “हळद पिकअपमधून जाईल. सगळ्या बायका पिकअपमधून जातील. तुम्ही एकटे या, मोकळी गाडी घेऊन. कोल्हारच्या पुलापासून बघू, देवळालीत आधी कोण पोचतं ते.”

“भरलेल्या गाडीने?”

“भरलेल्या गाडीने!”

तर निघालो. मागे सतरंजी टाकून बायका बसवल्या. वरून ताडपत्री बांधली, उन्हासाठी. मंगलताई ताट मांडीवर घेऊन, शेजारी आमच्या चुलत सासरच्या गयाआत्या नारळ घेऊन, आणि चार-पाच सुवासिनी. नणंदेची मुलगी सायली, तिच्याकडे मी माझा फोन दिला.

“मागून शूटिंग घे. दाजींची गाडी लहान लहान होत जाते ती नीट दिसली पाहिजे.”

सायलीने हळदीच्या गाण्यांचा स्पीकर पण आणला होता, पेनड्राइव्हवाला, हा एवढा! तो सुरू झाला आणि मला मागचं काही ऐकू येईना. माझ्या शेजारच्या सीटवर नवरीच्या ओटीचं सामान. एका आरशावर झेंडूची माळ गुंडाळलेली, दुसऱ्या आरशात ताडपत्री फडफडतीये. म्हणजे मी मागे कशी बघणार? तुम्हीच सांगा!

बाभळेश्वरपर्यंत रमतगमत गेलो. गाडी जड चालत होती, हे मला कळत होतं. बायकाच तशा निवडून आणल्या होत्या. कोल्हारच्या पुलावर चढलो तशी मी गाडी कठड्याच्या बाजूला घेतली. हळद नदीपलीकडे न्यायची तर प्रवरेला नारळ द्यायचा, ही आमच्या घराण्याची रीत. मी खिडकीतून ओरडले, “कोणी खाली उतरायचं नाही हं! वरूनच हात जोडा, नारळ टाका, चला!”

आता स्पीकरच्या आवाजात हे कोणाला ऐकू गेलं? नदीला ऐकू गेलं असेल तर माहीत नाही.

दाजी शेजारी येऊन थांबले. काच खाली केली.

“काय वहिनी, गरम झाली का फुंकणी?”

“झाली! तुमची चूल पेटवून ठेवा!”

दाजी हसले आणि पुढे वाकून गाडीतलं काहीतरी दाबत बसले. मी पहिला गिअर टाकला. हात स्टिअरिंगवर, पाय क्लचवर. वाट कशाची बघत होते? थापेची!

आणि मागून आवाज आला. ठाक! ठाक!

दोन!

गेले की मी! अशी गेले, अशी गेले, पूल कधी संपला ते कळलं नाही! आरशाच्या कोपऱ्यात दाजींची गाडी, तिथेच उभी! हलेच ना! मी मनात म्हटलं, साडेतीन हजार सीसीला अजून जाग आली नाही.

आणि मग काय झालं सांगू? पिकअप पळायला लागली. म्हणजे पळायला म्हणजे… मी रोज चालवते ती, तिचा श्वास ओळखते. कोल्हारपर्यंत कण्हणारी गाडी, पूल ओलांडला आणि पोरीसारखी उड्या मारायला लागली! तिसरा, चौथा, लगेच पाचवा! मी एकटीच ओरडले, “फुंकणी लागली! फुंकणी लागली!”

खरं सांगते, मला दाजींना हरवल्याचा आनंद कमी होता. मला नवल वाटत होतं! व्हिडिओत सांगितलं होतं, टर्बो जरा दम खातो आणि मग एकदम जोर धरतो. पण इतका? बायकांचं वजन असं वाऱ्यावर? मी त्या पंख्याला मनातल्या मनात हळदकुंकू वाहिलं.

खड्ड्यांतून गाडी टणाटण उडत होती. आता, रिकामी पिकअप खड्ड्यात उडते आणि भरलेली बसते, हे मी रोज बघते. राहात्याचं शेंबडं पोर पण सांगेल. पण तेव्हा मला काय वाटलं? टर्बोचा जोर!

एरवी गयाआत्या बैलगाडीत बसल्या तरी “हळू गं, हळू गं” करतात. आज चकार शब्द नाही. मला वाटलं, पहिल्यांदा माझ्या ड्रायव्हिंगवर विश्वास बसला म्हातारीचा. डोळ्यात पाणीच आलं माझ्या.

मागे गाणी जोरात चालली होती. मी पण म्हणायला लागले.

मग आरशाच्या कोपऱ्यात काळा ठिपका दिसला. दाजी! लाइट मारतायत, हॉर्न वाजवतायत. पोँ पोँ पोँ! गाडी अशी डुलत येत होती, गाभण म्हशीसारखी.

“साइड मागताय का दाजी? साइड नाही मिळणार!” मी म्हटलं आणि दाबला पाय. साखर कारखान्याजवळ देवळालीकडे वळले तेव्हा मागे कोणी नव्हतं.

देवळालीत नवरीच्या दारात मांडव, सनई, ताशा. मी हॉर्न वाजवत शिरले. एकच गलका झाला, “हळद आली! हळद आली!” नवरी पिवळी साडी नेसून पाटावर बसलेली. तिची आई आरतीचं ताट घेऊन पुढे. ताशेवाल्याने तर ताशा कडकडवलाच!

मी रुबाबात खाली उतरले. पदर झटकला. म्हटलं, “घ्या विहीणबाई! वेळेच्या आधी! घ्या उतरवून हळद!”

विहीणबाई मागे गेल्या. कोणीतरी फाळका उघडला. ताशा थांबला.

मी गेले बघायला.

सतरंजी होती. तिच्यावर गयाआत्यांची एक चप्पल होती. आणि मधोमध तो स्पीकर, एकटाच, हळदीची गाणी म्हणत होता.

विहीणबाईंनी आधी आत बघितलं, मग माझ्याकडे. मग अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “विहीणबाई, हळद मोबाईलवर पाठवनार हाय का?”

मांडव काय हसला हो! एक म्हातारी म्हणाली, “अगं, नवरदेव तरी येनार हाय का खरा?” मला धरणी पोटात घेईना. मला एकदम नातवंडाचं बारसं दिसायला लागलं, आणि त्यात जाऊबाईंचं तोंड. फोन करावा तर फोन सायलीकडे. ऋतुजा पाटावरून माझ्याकडे बघतीये, घाबरून. पोरीच्या डोळ्यात पाणी! आता मात्र माझं हसू, शर्यत, फुंकणी, सगळं विझलं. मुहूर्त टळला तर हिला काय तोंड दाखवू? मी परत गाडीत बसायला धावले.

तेवढ्यात वळणावर ती आली. काळी गाडी. हळूहळू, रुतल्यासारखी, पोट जवळजवळ रस्त्याला टेकलेलं. थांबली. चारही दारं उघडली आणि बायका बाहेर पडायला लागल्या. पडतच राहिल्या! जादूगाराच्या पेटीतून रुमाल निघतात तशा. पुढच्या सीटवरच तिघी! शेवटी मंगलताई, ताट छातीशी धरून. आणि ताटात हळद होती, देवाची कृपा. पण थोडी होती. बाकीची मंगलताईंच्या कोपरावर होती, सायलीच्या केसात होती, आणि सायीच्या रंगाच्या त्या सीटा…

अहो, आता कसली साय? आमरस!

“अगं ये वैशाले!” गयाआत्या एका पायात चप्पल घालून लंगडत आल्या. “काय भूत लागलं का तुला? आमी फाळक्यावरनं खाली उतरून नदीला हात जोडतोय तवर गाडी गायब!”

“पण आत्या, दोन थापा कोणी मारल्या?”

“कसल्या थापा?”

“ठाक ठाक! पत्र्यावर!”

“अगं बये! नारळ फोडत हुते मी! आर्धा नदीला द्यायचा, आर्धा आपल्याला. तिथं दगड न्हाई, धोंडा न्हाई. मग तुज्या गाडीच्या मागच्या लोखंडावर हानला. एकदा हानला, फुटंना. दुसऱ्यांदा हानला, तर नारळ फुटायच्या आधी गाडीच पळाली! नारळ गेला तोल जाऊन पान्यात, अक्खाच!”

“आणि दाजी, तुम्ही तरी सांगायचं ना!”

दाजी बोनेटला टेकून उभे होते. “मला वाटलं तुम्ही गाडी सावलीत घेताय. मग बघतो तर सावली पण गेली, गाडी पण गेली. फोन केला तर फोन शूटिंग करतोय. म्हणून सगळ्यांना भरलं. वहिनी, हॉर्न वाजवून बोट दुखलं माझं.”

“मला वाटलं साइड मागताय.”

दाजींनी सीटांकडे बघितलं. मग आमच्या रिकाम्या पिकअपकडे. मग हसायला लागले, आणि इतके हसले की त्यांना खुर्ची आणून द्यावी लागली.

“मान्य आहे वहिनी,” ते म्हणाले. “तुमची गाडी पुढे आली. पण माल मी आणला.”

हळद लागली. उशीर फारसा झाला नव्हता, नवरीला शालू मिळाला, मुहूर्त गाठला, अक्षता पडल्या. जाऊबाईंना कळलं कधी? त्या वऱ्हाडाबरोबर मांडवात पाय ठेवायच्या आधी! सायलीने शूटिंग ग्रुपवर टाकलं होतं. त्यात नदी आहे, आरडाओरडा आहे, आणि मधोमध आमची पिकअप, लहान लहान होत जातीये. ‘टर्बो’ शेवटपर्यंत वाचता येतं.

पंगतीत जाऊबाई माझ्या शेजारी बसल्या. जिलबी वाढली माझ्या पानात, आणि म्हणाल्या, “खा. बारशाला मीच सांगीन सगळ्यांना.”

पण ऐका, चहा ठेवू नका खाली. अजून संपलं नाही.

नवरी वाटेला लावली, ऊन कलायला लागलं, निघायची वेळ झाली. आता मी शहाणी झाले होते! मी स्वतः मागे गेले. प्रत्येकीचं नाव घेतलं. “मंगलताई? सायली? गयाआत्या?”

“हाय गं बाई! दोन्ही चपला पन हायत!”

सगळ्या मोजल्या. ताट मोजलं. स्पीकर मोजला. मग हे म्हणाले, “तू बस जाऊन, फाळका लावून मी मागेच चढतो.”

मी बसले. गाडी चालू केली. मन एकदम शांत. मागून आवाज आला. ठाक. ठाक.

दोन! आणि आता सगळ्या बायका आत होत्या, मी डोळ्यांनी बघितल्या होत्या. निघाले!

गाडी अगदी हळू नेली. भरलेली होती, खड्ड्यात बसत होती, पुलाच्या चढाला तर अशी ओढली तिने, दम खाऊन, मग एकदम! म्हणजे फुंकणी खरी आहे बरं का, ते मी अजून म्हणते. मागच्या बायका सगळ्या वाटेने ओरडत होत्या. मला वाटलं, गाणी म्हणतायत.

दारात पोचले. गाडी बंद केली. तेव्हा मंगलताईंचा आवाज आला, बसलेला. “वहिनी… दादा राहिला.”

फाळक्याला दोन कड्या असतात. एक या बाजूला, एक त्या बाजूला. कडी घट्ट बसायला हे हाताने ठोकतात. या बाजूला एक. त्या बाजूला एक.

मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. थोड्या वेळाने दाजींची गाडी आली. हे उतरले. नवा पांढरा लेंगा, पुढून पांढरा आणि मागून पिवळाधमक. सरळ माझ्या खिडकीपाशी आले, माझ्याकडे बघितलं, हात वर केला, आणि टपावर थाप मारली.

एकच.